पंप वाढवणे : एक हिशेब हवेचा

भरलेली गाडी घाटात ओढेनाशी झाली की ट्रकचालक मिस्त्रीला एकच सांगतो, “पंप जरा वाढवा.” पंप-नोझलच्या दुकानांत मी हे इतक्यांदा ऐकले की नेमके काय वाढते, ते समजून घ्यावेसे वाटले.

डिझेल इंजिनात हवेची वाट मोकळीच असते. चालकाचा पाय ठरवतो ते डिझेलचे माप. जुन्या पद्धतीच्या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर, त्याच्या अंगावर तिरकी खाच. दातेरी पट्टी सरकली की प्लंजर स्वतःभोवती फिरतो, खाच भोकासमोर उशिरा येते आणि तेवढे डिझेल जास्त जाते. बॉशच्या कारखान्यातून असे पंप १९२७पासून निघू लागले. पट्टीने कुठवर सरकावे याला अटकाव असतो. मिस्त्री फिरवतो तो स्क्रू या अटकावाचा.

पण एक किलो डिझेल पुरते जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते आणि मिश्रण कधीच एकजीव होत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. टर्बो हवा कोंबतो खरा, मात्र तो फिरतो इंजिनातून निघणाऱ्या वायूंच्या जोरावर, आणि गाडी उठताना तो जोर नसतो. म्हणून गव्हर्नरवर एक डबी बसवतात : आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. टर्बोचा दाब पडद्यावर आला की स्प्रिंग दबते, मगच अटकाव मागे हटतो. सगळ्या पंपात मला हीच डबी शहाणी वाटते. आणि पिकअपसाठी पहिला हात पडतो तो तिच्यावरच! स्प्रिंग सैल केली की हवेआधी डिझेल पोचते, मागे काळा लोट उठतो, ॲव्हरेज घसरते. मुख्य स्क्रू वाढवला तर लांब चढावर उष्णता वाढत जाते; ती ॲल्युमिनियमच्या पिस्टनला आणि टर्बोला सोसावी लागते.

जाणते मिस्त्री आधी तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोच्या होजची सैल क्लिप, फाटलेला पडदा पाहतात. पडदा फाटला तर दाब टिकत नाही, अटकाव हटत नाही. गाडी न ओढण्याचे कारण तेवढेच असू शकते. मग पंप टेस्ट बेंचवर चढतो, सगळ्या मापनळ्यांत डिझेल सारखे भरते का ते बघतात आणि शेवटी स्क्रूवर शिशाचे सील ठोकतात.

ते तोडायला पक्कड पुरते. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्ये निःसंदिग्धपणे नोंदवले. घाटातल्या चहाच्या टपरीवर उभे राहिले की तो लोट थेट तोंडावर येतो.