पुस्तक पुढे, मूल मागे

जून 2020 मध्ये ज्यांचे नाव पहिलीत घातले गेले, ती मुले कुठे न अडता वरच्या वर्गांत जात राहिली तर मार्च 2030 मध्ये दहावीच्या परीक्षेला बसतील. मोठ्यांच्या गप्पांतून करोना केव्हाच हद्दपार झाला. शाळेच्या हिशेबात मात्र ती साथ अजून संपलेली नाही. मार्च 2020 च्या मध्यावर महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 ला भरू लागले, पहिली ते चौथीला डिसेंबर उजाडला, आणि जानेवारी 2022 मध्ये तिसऱ्या लाटेने पुन्हा कुलूप लावले. पहिलीचे अख्खे वर्ष आणि दुसरीचे निम्म्याहून अधिक वर्ष घरी काढलेली ही मुले जून 2022 मध्ये थेट तिसरीच्या सतरंजीवर बसली आणि त्यांच्यापुढे तिसरीचे पुस्तक आले. शाळा बंद असताना झालेले नुकसान मोठे होतेच. पण शाळा उघडल्यावर मुलाच्या आवाक्याबाहेरचे पुस्तक रेटत राहिल्याने होणारे नुकसान जास्त चिवट असते, आणि ते टाळणे आपल्या हातात असूनही आपण त्याकडे पुरेसे पाहिले नाही, असे माझे म्हणणे आहे.

पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात हे नीट दिसते, कारण इथे एकाच तालुक्यात दोन जगे आहेत. तळेगाव, कामशेत, लोणावळा हा रेल्वे आणि जुन्या महामार्गाला धरून असलेला पट्टा. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगरांत शिरणारी अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही खोरी. लोणावळ्यातल्या खासगी शाळेतले मूल लॅपटॉपपुढे बसून तास करत होते, तेव्हा धरणापलीकडच्या वाडीत मोबाइलची रेंज शोधत टेकाडावर जावे लागत होते. त्यात 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने विजेचे खांब आडवे केले. राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे म्हटले, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागे, दीक्षा ॲप होते, व्हॉट्सॲपवर स्वाध्याय येत. पण घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो सकाळी वडिलांबरोबर कंपनीत नाहीतर भाजीच्या गाडीवर जातो आणि रात्री परत येतो. मग मूल काय करते? पडद्यावरचा मजकूर वहीत उतरवून काढते, वहीचा फोटो गुरुजींना जातो, गुरुजी अंगठा दाखवतात. अक्षर वळणदार होत जाते. लिहिलेले वाचता येते की नाही, हे विचारायला समोर कोणी नसते.

त्याचा परिणाम मोजला गेला आहे. ‘असर’ या पाहणीत मुलाच्या हातात एक कागद देतात: वर सुटी अक्षरे, मग शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. ग्रामीण महाराष्ट्रात ती गोष्ट वाचू शकणारी तिसरीतली मुले 2018 मध्ये सुमारे 42 टक्के होती; 2022 मध्ये ती 27 टक्क्यांच्या आसपास आली. देशपातळीवर हाच आकडा 27.3 वरून 20.5 वर घसरला. वजाबाकी येणाऱ्या तिसरीतल्या मुलांचे प्रमाण मात्र देशात 28.2 वरून 25.9 इतकेच उतरले. यात नवल नाही. दुकानात सुटे पैसे मोजताना, कोंबड्या मोजताना हिशेब होतच राहतो. वाचनाला कोणीतरी शेजारी बसावे लागते. ‘रस्त्यावर’ या शब्दात ‘र’, मग ‘स्त्या’ असे अडखळणारे मूल वाक्याच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेले असते. त्याला अक्षरे येत नाहीत असे नाही. वेग येत नाही, आणि वेगाशिवाय अर्थ लागत नाही. असे मूल तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकापुढे बसते तेव्हा त्याचा फक्त भाषेचा विषय बुडत नाही, सगळेच विषय बुडतात.

शाळेत परतल्यावर हे आपोआप भरून निघेल, ही समजूत किती महाग पडते याचा पुरावा शेजारच्या देशात आहे. ऑक्टोबर 2005 च्या भूकंपात पाकिस्तानच्या उत्तर भागातल्या शाळा सरासरी 14 आठवडे बंद राहिल्या. चार वर्षांनी संशोधकांनी तिथल्या मुलांची चाचणी घेतली, तेव्हा भूकंपरेषेजवळची मुले जवळजवळ दीड वर्षाच्या अभ्यासाने मागे होती. जेमतेम तीन महिन्यांची बंदी आणि दीड वर्षाची पिछाडी! उरलेली तूट शाळा सुरू झाल्यानंतर साचली: वर्ग पुढच्या पानावर गेला, मूल मागच्या पानावर राहिले आणि अंतर दर महिन्याला वाढत गेले. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात दिसली. ज्यांच्या आईने प्राथमिक शिक्षण पूर्ण केले होते, त्या मुलांत ही पिछाडी नव्हती. आपल्याकडे ज्या वाड्यांत आईला स्वतःलाच शाळा मिळाली नाही, तिथे हे काम शाळेलाच करावे लागणार, हे उघड आहे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. सेतू अभ्यासक्रम आला. पण त्याचे वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. पहिला सेतू 45 दिवसांचा, 1 जुलै ते 14 ऑगस्ट 2021. त्या वेळी प्राथमिक शाळा उघडल्याच नव्हत्या, म्हणजे नदीच्या पलीकडे नेणारा हा पूल पुन्हा त्याच मोबाइलवरून जात होता. मावळात तर हे भातलावणीचे दिवस. धो-धो पाऊस, खाचरात चिखलणी आणि घरातली सगळी माणसे, मोठी मुलेसुद्धा, रोपे उपटून देण्याच्या कामात. पुढचा सेतू 2022 च्या जून-जुलैमध्ये, 30 दिवसांचा. तोही पावसाच्याच तोंडावर. दोन वर्षांची तूट तीस दिवसांत भरायची आणि तेही मावळातल्या जुलैत, हे वडगावच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारले असते तरी त्याने मान हलवली असती.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. तमिळनाडूत सुमारे 19 हजार ग्रामीण मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसले, की शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत तुटीचा दोनतृतीयांश भाग भरून आला. ‘असर’च्या 2024 च्या पाहणीतही देशातले तिसरीचे वाचन 27.1 टक्क्यांवर, म्हणजे 2018 च्या जागी परतले. मग एवढी ओरड कशाला? पण तमिळनाडूतली भरपाई नुसत्या घंटेने झालेली नाही. तिथे ‘इल्लम तेडी कल्वी’ योजनेत गावातल्याच स्वयंसेवकांनी संध्याकाळचे वर्ग चालवले आणि भरपाईचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या वर्गांमुळे आला, असे तोच अभ्यास सांगतो. शिवाय 2024 मध्ये तिसरीत असलेली मुले साथीच्या काळात पहिलीत नव्हतीच. ती शाळा उघडल्यानंतर आत आली. त्यांचे आकडे सुधारले म्हणून त्यांच्या पुढे गेलेली मुले सावरली, असा निष्कर्ष निघत नाही.

उपाय नवा नाही आणि तो महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. मुंबईत 1990 च्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने तो रुजवला आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी तो पारखून घेतला. रोज तास-दीड तास इयत्ता बाजूला ठेवायची. अक्षरे ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे, गोष्ट वाचणारे तिसरीकडे, मग ते तिसरीतले असोत की पाचवीतले. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचे आणि गट बदलायचे. अभ्यासक्रम कधी पूर्ण होणार, असे विचारले जाते. न वाचणाऱ्या मुलापुढे पूर्ण केलेला अभ्यासक्रम फक्त दप्तरी पूर्ण होतो. दुसरी शंका जास्त रास्त आहे: मोठ्या मुलाला लहानांत बसवले तर त्याच्यावर ‘ढ’चा शिक्का बसेल. हा धोका खरा आहे. पण त्याचे उत्तर गट लवकर लवकर बदलण्यात आणि हा तास सगळ्यांसाठी ठेवण्यात आहे. पाचवीच्या बाकावर वर्षभर गप्प बसवून ठेवण्याने तो शिक्का पुसला जात नाही.

शिक्षकांवर भार पडेल, हेही खोटे नाही. निवडणुका, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांत त्यांचे दिवस जातात आणि तो वेळ परत मिळाल्याशिवाय कोणतीच योजना चालणार नाही. मात्र मावळातल्या दोनशिक्षकी शाळेत एक सोय आधीपासून आहे. तिथे पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसतातच; इयत्तांची भिंत तिथे मुळात पातळ आहे. कमी पटाच्या शाळा बंद करून पानशेतच्या धर्तीवर समूह शाळा उभारण्याची चर्चा झाली, तेव्हा या छोट्या शाळा म्हणजे निव्वळ खर्च असा सूर होता. पातळीनुसार शिकवायचे तर अठरा मुलांची वाडीवरची शाळा ही अडचण नाही, उलट उत्तम जागा आहे. आणि पावसाळ्यात ओढे भरले असताना तिथे मूल पायी पोहोचते, बसने जायच्या शाळेत ते पोहोचेलच असे नाही.

घाई आहे ती आणखी एका कारणाने. राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणून, फेरपरीक्षेतही नापास होणाऱ्याला त्याच वर्गात ठेवण्याचा नियम 2023-24 पासून लागू केला. 2020 ची पहिली 2024-25 मध्ये पाचवीत आली. ज्यांचे पहिलीचे वर्ष शासनाच्या आदेशाने बुडाले, त्यांनाच पहिल्या फेऱ्यांत हा नियम लागला. हीच तुकडी 2027-28 मध्ये आठवीत असेल. उद्या तिच्यातले कोणी मागे ठेवायचे झाले, तर आधी त्याची वाचनपातळी तपासून किमान एक सत्र तरी पातळीनुसार शिकवण्याचा तास त्याला मिळाला होता का, याची नोंद मागितली पाहिजे. कातकरी वस्त्यांतल्या मुलांसाठी तर हे आधी हवे. त्यांचे आई-वडील दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे ही मुले करोनाच्या आधीही दर वर्षी निम्मी शाळा गमावत होती. स्थलांतरित मुलासाठी शिक्षण हमी पत्रक असते. त्यावर इयत्तेबरोबरच मूल अक्षरापाशी आहे, शब्दापाशी की गोष्टीपाशी, एवढे ठळक लिहिले, तर भट्टीजवळच्या शाळेतल्या गुरुजींना पहिल्याच दिवशी त्याला कोणत्या गटात बसवायचे ते कळेल.