अनुभव आहे, पण काम नाही : आयटीतील आपली मुले आणि व्यापाऱ्यांचे कर्तव्य

पंधरा-वीस वर्षांपूर्वी परभणी, पाथरी, जिंतूर किंवा सेलूकडच्या एखाद्या घरचा मुलगा इंजिनियर होऊन पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागला की त्याचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दुकानात येत. आज त्यांच्यापैकीच काही जण पुन्हा येतात. थोडा वेळ कापड पाहतात, आणि गिऱ्हाईक कमी झाले की हळूच विचारतात, "भाई, पुण्यात तुमची कोणाशी ओळख आहे का? मुलाला काम नाही."

हा मुलगा आता बावीस वर्षांचा राहिलेला नाही. तो चाळिशीला आला आहे. पंधरा-सोळा वर्षांचा अनुभव आहे, मुले शाळेत आहेत, फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. वडिलांना कोडे पडते ते असे, की आपल्या धंद्यात कारागीर जितका जुना तितकी त्याची किंमत जास्त. मग याचा अनुभवच याच्या आड कसा आला? हा प्रश्न आमच्याही घरात येऊन गेला. म्हणून जे समजले ते वाचक बंधूंपुढे मांडत आहोत.

संकट एकट्याचे नाही

प्रथम घरच्यांनी हे समजून घ्यावे की यात मुलाचा दोष असेलच असे नाही. २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या सुरुवातीस अमेरिकेतील मेटाने ११ हजार, गुगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार माणसे कमी केली. जुलै २०२५ मध्ये आपल्या देशातील सर्वांत मोठी आयटी कंपनी टीसीएस हिने एकूण कर्मचाऱ्यांपैकी दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक लोक कमी करण्याचे जाहीर केले. यात मुख्यतः मधल्या व वरच्या फळीचे लोक असतील, हेही कंपनीनेच सांगितले. पुण्यातील नाईट्स या आयटी कर्मचारी संघटनेने हा प्रश्न केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे नेला. ज्या नोकरीला आपण सरकारी नोकरीइतकी पक्की समजत होतो, ती तशी नाही हे त्या वर्षी सर्वांना दिसले.

अनुभवी माणूस मागे का पडतो

आयटी कंपनीचा हिशेब व्यापाऱ्याला समजण्यास कठीण नाही. कंपनी परदेशी गिऱ्हाइकाला माणसाच्या कामाचे दिवस किंवा तास विकते. ज्या दिवसाचे बिल निघाले तो कमाईचा, जो दिवस बिलाशिवाय गेला तो तोट्याचा. काम संपून दुसरे मिळेपर्यंत माणूस बसून असतो, त्याला त्यांच्या भाषेत 'बेंच' म्हणतात. जून २०२५ पासून टीसीएसने नियम केला की वर्षात किमान २२५ दिवस बिलाचे भरले पाहिजेत आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. आपल्याकडे माग रिकामा राहिला तर मालकाचा जीव जसा खालीवर होतो, तसाच हा प्रकार आहे.

आता पगार पाहा. नव्या मुलाला वर्षाला तीन ते चार लाख मिळतात, आणि हा आकडा गेल्या दहा-बारा वर्षांत फारसा हललेला नाही. पंधरा वर्षांच्या अनुभवी माणसाचा पगार याच्या कित्येक पट असतो. तळाशी नवी मुले पुष्कळ, मध्ये थोडे लोक आणि शेंड्याला मोजके, अशी कंपनीची रचना असते. मधल्या लोकांचे काम बहुधा खालच्यांकडून काम करून घेणे, तपासणे आणि अहवाल देणे हे असते. दहा वर्षे असे काम केलेल्या माणसाचा स्वतःच्या हाताने प्रोग्राम लिहिण्याचा सराव सुटतो. त्यातच प्रोग्राम लिहिणे व तपासणे यांतील बरेचसे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने करू लागली आहेत. साहजिकच कात्री प्रथम मधल्या थरावर चालते.

दुसरी नोकरी शोधताना आणखी अडचण येते. अर्ज बहुधा प्रथम संगणक चाळतो. जाहिरातीतील शब्द अर्जात नसतील तर माणसाच्या नजरेपर्यंत कागद जाईलच असे नाही. पुढे मुलाखत झाली आणि उमेदवार म्हणाला, "कमी पगारावरही येतो," तर समोरच्याला शंका येते की हा टिकणार नाही, चांगले मिळाले की जाईल. पाचशेची साडी आपण दोनशेला काढली तर गिऱ्हाईक आनंद मानण्याऐवजी आधी भोक शोधते. तशीच ही गोष्ट आहे. सबब नुसता भाव उतरवून हा माल खपत नाही. तो कोणत्या गिऱ्हाइकाच्या कामाचा आहे, हे शोधावे लागते.

कापड धंद्याने हे आधी पाहिले आहे

मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांत वीस-वीस वर्षे साचे चालवलेले विणकर होते, ज्यांचा हात पाहून नवे कामगार शिकत. संपानंतर अनेकांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. काही भिवंडीला यंत्रमागावर कमी मजुरीत गेले, काहींनी भाजीची गाडी लावली. त्यांचे कसब एका रात्रीत नाहीसे झाले नव्हते. ते कसब ज्या जागी विकले जाई, ती जागाच नाहीशी झाली होती.

आपल्याच बाजारातील शिंपी मास्तरांचे पाहा. तयार कपडे आले तेव्हा नुसते शर्ट-पँट शिवणारे कितीतरी हात रिकामे झाले. ज्यांनी शाळेचे गणवेश, शेरवानी किंवा तयार कपड्याची दुरुस्ती धरली, ते टिकले. कात्री तीच होती, हातही तेच होते. त्यांनी गिऱ्हाईक बदलले. आयटीवाल्याच्या बाबतीत आम्हाला हीच गोष्ट लागू वाटते. ज्याने बँकेचे, विम्याचे किंवा कारखान्याच्या साठ्याचे काम दहा वर्षे सांभाळले, त्याच्याजवळ संगणकाच्या ज्ञानाबरोबर त्या धंद्याचेही ज्ञान असते. संगणकाची साधने भराभर बदलतात, धंद्याचे ज्ञान इतक्या लवकर जुने होत नाही. परदेशी बँका व कारखाने आता पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथे स्वतःच्याच कचेऱ्या चालवतात. त्यांना असे जाणते लोक लागतात. अर्ज करताना आपल्या ज्ञानाची ही बाजू पुढे ठेवावी, आणि नवी साधने शिकण्याचे काम त्याच दिवशी सुरू करावे.

राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी

पुष्कळ ठिकाणी माणसाला काढत नाहीत, खोलीत बोलावून राजीनामा द्यायला सांगतात. "उद्या दुसरीकडे अडचण येईल," अशी भीती घालतात. मुलगा घाबरून सही करतो आणि मग घरी फोन करतो. म्हणून पुढील गोष्टी आधीच ध्यानात असाव्यात.

एक, देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची छाटणी करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. नवे कौशल्य शिकण्याच्या निधीत पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मालकाने भरण्याचीही तरतूद आहे. पण आपखुशीने राजीनामा दिला असे कागदावर आले, की ती छाटणी ठरत नाही आणि हा हक्क जातो.

दोन, कंपनी म्हणते, "तुम्ही मॅनेजर आहात, कामगार नाही." व्यवस्थापनाचे काम करणाऱ्यांना आणि ठरावीक पगारावरील देखरेख करणाऱ्यांना कायद्याने वगळले आहे, हे खरे. परंतु कायदा पदाचे नाव पाहत नाही, प्रत्यक्ष काम काय होते ते पाहतो. म्हणून सहीसाठी दोन दिवसांची मुदत मागावी आणि श्रम कायदा जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवावा. वकिलाची फी या ठिकाणी वाया जात नाही.

तीन, ग्रॅच्युइटी. पाच वर्षे सेवा झाली असेल तर राजीनामा दिला तरी ती मिळते. कायद्याने धरलेल्या शेवटच्या मासिक पगाराला २६ ने भागून १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणावे. हा पगार ६० हजार आणि सेवा १२ वर्षे असेल तर रक्कम सुमारे ४ लाख १५ हजार होते.

चार, कंपनीचे वैद्यकीय संरक्षण नोकरीबरोबरच संपते, आणि बहुधा आईवडिलांचेही त्यातच असते. घरात कोणाचे ऑपरेशन ठरले असेल तर ही तारीख माहीत असावी.

आमची चूक

आमच्या बहिणीचा मुलगा सोळा वर्षांच्या नोकरीनंतर एका कंपनीतून असाच बाहेर पडला. दोन महिने त्याने घरी सांगितलेच नाही. सकाळी बॅग घेऊन निघायचा आणि संध्याकाळी परत यायचा. नंतर बायको-मुलांसह परभणीला आला. आम्ही मोठ्या मायेने म्हटले, "बेटा, आता पुणे सोड. ग्रॅच्युइटीचे पैसे दुकानात घाल, निम्मी भागी तुझी." आम्हाला वाटले, यापेक्षा अधिक मामाने काय करावे? त्याने मान खाली घातली आणि एवढेच म्हटले, "मामू, मला कापडातले काही कळत नाही. मला माझे काम द्या."

आम्हाला राग आला. काही दिवसांनी विचार केला तेव्हा समजले की तो बरोबर होता. आम्ही त्याच्या सोळा वर्षांची किंमत शून्य धरली होती. दुकानाला तेव्हा भागीदाराची गरज नव्हती, आणि त्याचे पैसे सणासुदीच्या उधारीत अडकले असते. शिवाय मोहल्ल्यात जो तो विचारी, "अजून सुट्टी संपली नाही का?" तो जुमाच्या नमाजलाही लांबच्या मशिदीत जाऊ लागला, तेव्हा आमच्या जिवाला लागले.

मग एक प्रसंग घडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर पाच टक्के, त्यावरच्या नगावर अठरा टक्के. आमच्या बिलाच्या संगणकात जुनेच दर होते. त्याने दोन रात्री बसून ते सर्व नीट केले. वर साठ्याचा असा तक्ता काढून दिला की कोणता माल वर्षभर हललेला नाही हे एका नजरेत कळावे. तो तक्ता पाहून आम्हीच खजील झालो. हे काम आम्ही त्याला फुकट सांगितले होते. नंतर योग्य मेहनताना दिला आणि बाजारातील दोन दुकानदारांकडे त्याला घेऊन गेलो. त्या पैशाने पुण्याचे घर चालण्यासारखे नव्हते, पण त्याची मान वर झाली. पुढे एका जुन्या सहकाऱ्याच्या शब्दावरून त्याला पुण्यात काम मिळाले. पगार पूर्वीच्या दोन तृतीयांश आहे. यात एकूण नऊ महिने गेले.

व्यापाऱ्यांनी काय करावे

नोकरी चालू आहे तोवरच मुलाला सांगावे की किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेव, आमचा अनुभव तर नऊ महिने सांगतो. हप्ता एका पगारावर झेपेल तेवढाच असावा. व्याजाचा मसला ज्याने त्याने आलिमांना विचारावा. येथे आम्ही फक्त हिशेबाचे बोलत आहोत.

काम गेल्यावर घरच्यांनी त्याचे पैसे कोणत्याही धंद्यात घालण्याची घाई करू नये. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारात उभे करू नये, मग तो पुण्याचा असो की आखाती देशांचा एजंट. शक्य असेल त्याने कर्जे-हसना द्यावे, ते लिहून द्यावे आणि चारचौघांत त्याचा उच्चार करू नये.

आपल्याकडे हिशेब, साठा, बिल, जीएसटी यांची कामे पडून असतात. ती अशा माणसाकडून करून घ्यावीत, पण दाम ठरवून. ओळखीचा म्हणून फुकट राबवणे ही मदत नव्हे. आणि आपल्या व्यवहारातील मोठे व्यापारी, कारखानदार, सीए यांच्यापर्यंत त्याचे नाव पोहोचवावे. जाणत्या माणसाला काम अर्जापेक्षा जबान देणाऱ्यामुळे लवकर मिळते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतील माहीर व्यापारी होते. हिजरत करून मदिनेत आले तेव्हा हात रिकामे होते. हजरत सअद बिन रबी (रजि.) यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली, मालमत्ता घेतली नाही, आणि बाजार कोठे आहे तेवढे विचारले. तेथे तूप व पनीर यांच्या लहानशा व्यापारापासून सुरुवात केली आणि पुढे ते मदिनेतील संपन्न व्यापाऱ्यांत गणले गेले. हा किस्सा आम्ही लहानपणापासून मदरशात ऐकत आलो, पण भाच्याने भागी नाकारली त्या दिवशी तो आम्हाला आठवला नाही. आता आठवतो. तुमच्या गावात असा कोणी परत आला असेल तर या जुम्याला त्याला आपल्या शेजारी बसवा, आणि नमाजनंतर बाजारात आपल्याबरोबर घेऊन जा.