दंड किती? आधी कमाई सांगा!

नोकियाचे बडे अधिकारी आन्सी वान्योकी हेलसिंकीत आपल्या हार्ले डेव्हिडसनवरून ताशी ७५ किलोमीटरनं निघाले. मर्यादा होती ५० ची. २००२ मध्ये त्यांना दंड ठोठावला गेला, १ लाख १६ हजार युरो! पुढे तो बराच कमी झाला. का? वेग मोजण्यात चूक होती म्हणून नव्हे, तर साहेबांचं उत्पन्न घटलं होतं म्हणून.

फिनलंडमध्ये १९२१ पासून ‘दिवस-दंड’ आहे. गुन्हा किती गंभीर यावरून दिवस ठरतात, १ ते १२०. एका दिवसाचा दर मात्र तुमच्या खिशावरून. महिन्याच्या हातात येणाऱ्या उत्पन्नातून २५५ युरो वजा करायचे आणि उरलेल्याला ६० नं भागायचं. थोडक्यात, एका दिवसामागे जेमतेम अर्ध्या दिवसाची कमाई जाते.

आता समजा, तुम्ही तिकडे शिकताय, कमाई जवळपास शून्य, आणि दुकानातून काहीतरी उचललंत. तिथल्या कायद्यात चोरीचे तीन थर आहेत : गंभीर, साधी आणि किरकोळ. किरकोळ चोरीला तुरुंग नाही, फक्त दंड. तुम्हाला किमान दर लागेल, ६ युरो. दहा दिवसांचे ६०. हाच उद्योग महिना ६ हजार युरो हातात पडणाऱ्यानं केला, तर साडेनऊशेच्या आसपास. दिवस तेवढेच!

पण सगळंच असं नाही बरं का. वेगमर्यादा २० किलोमीटरपर्यंत ओलांडली तर २०२० पासून ठरावीक शुल्क लागतं, तो गुन्हासुद्धा मानत नाहीत. कारखानदार आणि डिलिव्हरीवाला, दोघांना सारखाच आकडा. सोय म्हणून ठीक. पण १९२१ चा विचार इथं पातळ झाला, असं मला वाटतं.

स्वीडननं १९३१ मध्ये, डेन्मार्कनं १९३९ मध्ये दिवस-दंड घेतला. नॉर्वे मात्र या वाटेला गेला नाही. तिथं किरकोळ प्रकरणात थेट दंडाचा कागद हाती येतो. मान्य असेल तर सही करून पैसे भरा, नसेल तर कोर्टात भांडा. आणि हो, मोठे गुन्हे आणि किरकोळ गुन्हे ही कायद्यातली जुनी विभागणीच नॉर्वेनं २०१५ मध्ये लागू झालेल्या नव्या दंडसंहितेत काढून टाकली.

‘मग फिनलंडमध्ये उत्पन्न कमी सांगायचं ना!’ असं मनात आलं असेल, तर थांबा. पोलिसांना कर खात्याची नोंद तिथल्या तिथे बघता येते. शिवाय दंड कमी व्हावा म्हणून खोटं उत्पन्न सांगणं हा तिथं वेगळा गुन्हा आहे, आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत तुरुंग होऊ शकतो.