सूची दिसते, पान उघडत नाही

संगणकावरील माहितीपुस्तिका उघडावी, डाव्या बाजूस शब्दसूची नीट दिसावी आणि हवा तो शब्द निवडताच उजवी बाजू मात्र कोरी राहावी, असे कधी कधी घडते. पुस्तिका बिघडली असे समजून ती काढून टाकण्याची घाई होते. वस्तुतः पुष्कळदा तिची सर्व पाने शाबूत असतात.

विंडोज प्रणालीवरील अशा पुस्तिकांचा परिचित प्रकार म्हणजे सीएचएम. मायक्रोसॉफ्टने तो १९९७ साली प्रचारात आणला. नव्या कामासाठी तो आता मागे पडला असला, तरी जुनी सॉफ्टवेअरे जेथे चालू आहेत तेथे या पुस्तिकांवाचून भागत नाही. पाने, चित्रे व सूची यांत एकाच फाईलमध्ये बांधलेली असतात. सूची हा पुस्तिकेचा दर्शक स्वतः मांडतो. पाने दाखविण्याचे काम मात्र तो इंटरनेट एक्सप्लोररच्या अंगभूत यंत्रणेवर सोपवितो. म्हणून त्या यंत्रणेचे सुरक्षानिर्बंध पानांना लागू होतात, सूचीला नाही.

अशा पुस्तिकेत घातक आज्ञावलीही दडविता येते. यास्तव २००५ मध्ये आलेल्या सुरक्षा सुधारणेने, दुसऱ्या संगणकावरील सामायिक फोल्डरमधून उघडलेल्या पुस्तिकेची पाने दाखविणे बंद केले. अशी पुस्तिका प्रथम आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. इंटरनेटवरून आलेल्या फाईलवर विंडोज वेगळी खूण ठेवते. फाईलवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास तळाशी ‘अनब्लॉक’ हा पर्याय दिसतो. तो निवडला की पाने दिसू लागतात. तथापि फाईल कोठून आली हे निश्चित ठाऊक असेल तरच हे करावे. सर्व संगणकांवरील निर्बंधच उठवून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. आणखी एक क्षुल्लक वाटणारे कारण आहे: फोल्डरच्या नावात ‘#’ हे चिन्ह असले, तर पानाचा पत्ता तेथेच तुटतो. नाव बदलले की काम होते.

हे सर्व करूनही ठरावीक शब्दांचीच पाने उघडत नसतील, तर मात्र दोष सूचीत आहे. सूचीतील प्रत्येक शब्दासमोर एका पानाचे फाईलनाव नोंदलेले असते. लेखकाने पानाचे नाव बदलले आणि सूचीत जुनेच राहिले, की दुवा तुटतो. मूळ मजकुरातील सूची दुरुस्त करून पुस्तिका पुन्हा बांधणे, हाच त्यावर उपाय. तो वाचकाच्या नव्हे, निर्मात्याच्या हातचा आहे.

मराठी पुस्तिका तयार करू इच्छिणाऱ्यांनी एक मर्यादा ध्यानी घ्यावी. सीएचएमची पाने देवनागरीत दिसू शकतात. परंतु तिची सूची युनिकोडपूर्व संकेतप्रणालीवर आधारलेली आहे आणि विंडोजच्या त्या जुन्या संकेतांत देवनागरीला जागाच नाही. सूचीत मराठी शब्दांऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात. त्यापेक्षा साध्या एचटीएमएल पानांची, युनिकोडमधील पुस्तिका करणे सोयीचे.