चाक उलटं फिरतंय का?

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या पनवेलच्या बचत गटाने मसाला दळायचं जुनं यंत्र घ्यायचं ठरवलं. विकणाऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. आम्ही दहाजणी एका फोनवर वाकून बघत होतो. तेवढ्यात एकजण ओरडली, "अगं, हे चाक उलटं फिरतंय!" खरंच, पट्ट्याचं मोठं चाक सावकाश मागे मागे सरकत होतं. तिच्या सासरी पिठाची गिरणी. थ्री फेज मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते, हे तिला ठाऊक होतं. झालं! माणूस फसवतोय, पैसे द्यायचे नाहीत, असं ठरत आलं.

मग दुसरी म्हणाली, "सिनेमात टांग्याची चाकं अशीच दिसतात की." घोडा पुढे धावतो आणि चाक मागे फिरतं. लहानपणापासून आपण पाहतो, पण टांगा उलटा चाललाय असं कुणाला वाटत नाही.

याचं कारण असं, की सिनेमात हलणारं काही नसतंच. बोलपटात सेकंदाला २४ स्थिर फोटो एकामागून एक दाखवतात आणि मधली हालचाल आपलं डोकं भरून काढतं. रेडिओवर चाक कसं दाखवणार? भिंतीवरचं घड्याळ डोळ्यांसमोर आणा. मिनिटकाट्याकडे दर ५५ मिनिटांनी एकदाच बघायचं, मधल्या वेळात नाही. आधी काटा १२ वर दिसेल, मग ११ वर, मग १० वर. काटा बिचारा जवळजवळ अख्खी फेरी पुढे गेलाय, पण आपण म्हणणार मागे सरकला. चाकाच्या आऱ्यांचंही तेच. सगळे आरे दिसायला सारखे. एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत एक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेच्या जरा अलीकडे पोचला, तर तो पुढचाच आरा मागे आला असं वाटतं. नेमका त्या जागी पोचला तर चाक थांबलेलं दिसतं. घरी पंखा बंद करून लगेच मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा. वेग उतरताना पाती कधी उलटी फिरतात, कधी थबकतात.

दोन फोटोंमधल्या याच फटीचा दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली उपयोग करून घेतला. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा ठेवून महिनाभर थोडे थोडे फोटो घेतले. पडद्यावर बघता बघता रोप उगवून वर आलं! ते बघून भांडवल मिळालं आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. बायका काम करायला तयार नव्हत्या, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. पुढे 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच! पडद्यामागे मात्र बाई होती. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून करत. त्या भोकांत दाते अडकून फिल्म एकेक फोटो पुढे सरकते. भोकं वाकडीतिकडी पडली तर चित्र नाचतं. एवढ्या माणसांचा स्वयंपाक सांभाळून हे काम, बरं का.

आता यंत्रावर बसणाऱ्यांनी नीट ऐका. हा भास नुसत्या डोळ्यांनीही होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. आपल्याला ते कळत नाही. पण त्या उजेडात जोरात फिरणारं चाक थांबल्यासारखं किंवा हळू फिरल्यासारखं दिसू शकतं. थांबलंय समजून कुणी पट्ट्याला हात लावला तर? म्हणून आमच्या गटाचा नियम आहे: बटण बंद करायचं, मेन स्विचही पाडायचा आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत हात पाठीमागे.

शेवटी आम्ही चौघी यंत्र बघायला गेलो. समोर उभं राहून पाहिलं, तर चाक सरळच फिरत होतं. पण पट्ट्याला चिरा पडल्या होत्या आणि बेअरिंग कुरकुरत होतं. व्हिडिओवर गाणं टाकलेलं होतं, त्यामुळे तो आवाज आम्हाला ऐकूच आला नव्हता. नवा पट्टा, नवं बेअरिंग आणि चाकावर जाळीचं झाकण एवढं करून घेतलं, मगच पैसे दिले.