सार्वजनिक आरोग्याची पदवी : काय शिकवते, कुठे नेते?

2015 पासून सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळू लागले, तेव्हा इस्पितळातील डॉक्टरांसमोर तापाने फणफणलेला एकेक माणूस होता. आरोग्य खात्यापुढचे प्रश्न मात्र निराळे होते. रुग्ण कोणत्या वाड्यांवरचे आहेत? कोणत्या महिन्यांत आजारी पडले? त्याआधी ते कुठे गेले होते? या प्रश्नांचा माग काजूच्या बागायती आणि त्यांना लागून असलेल्या जंगलापर्यंत जात होता. हा विषाणू पसरवणाऱ्या गोचिडीचे दिवस आणि काजू वेचण्याचे दिवस एकच. म्हणून माकड मरून पडलेले दिसताच कळवणे, बागायतीत जाताना अंग पूर्ण झाकणे, गोचीडरोधक तेल लावणे, हे उपाय ताप येण्याआधीच लोकांपर्यंत पोहोचणे आवश्यक ठरले.

एका रुग्णावर उपचार करणे हे वैद्यकाचे काम. साऱ्या गावाला आजार का होतो हे शोधून तो रोखणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम. बारावीनंतर ‘नीट’मध्ये अपेक्षित गुण न मिळालेले अनेक विद्यार्थी आरोग्यक्षेत्रातील दुसऱ्या वाटा शोधतात आणि त्यांना सार्वजनिक आरोग्याच्या पदवी अभ्यासक्रमांच्या जाहिराती दिसतात. ही पदवी घेऊन डॉक्टर होता येत नाही, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मग ती घेऊन काय होता येते, हे मात्र फार थोड्यांना नीट सांगितले जाते.

पाच विषयांचा पाया

जगभर या शाखेचा अभ्यास साधारण पाच खांबांवर उभा असतो: साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, पर्यावरणीय आरोग्य, सामाजिक व वर्तनशास्त्रे आणि आरोग्य धोरण व व्यवस्थापन. त्यांतील पहिले दोन विद्यार्थ्यांना सर्वाधिक घाम फोडतात.

एक साधे काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावात डेंग्यूचे 20 रुग्ण, शेजारच्या गावात 15. फवारणीचे पथक आधी कुठे पाठवायचे? पहिल्या गावाची वस्ती 2,000 आणि दुसऱ्याची 500 असेल, तर प्रमाण हजारी 10 आणि हजारी 30 निघते. कमी रुग्ण असलेले गाव तिपटीने अधिक पोळलेले असते. यानंतर आणखी प्रश्न येतात. दुसऱ्या गावात तपासणी अधिक झाली म्हणून रुग्ण अधिक दिसले का? पहिल्या गावातील रुग्ण खासगी दवाखान्यांत गेल्यामुळे त्यांची नोंदच झाली नाही का? आकड्यांमागची ही चौकशी म्हणजेच साथरोगशास्त्र. गणित नको म्हणून या शाखेकडे वळणाऱ्याची येथे निराशा होते.

गोव्याचेच तीन धडे

उरलेले विषय समजून घेण्यासाठी गोव्यातीलच उदाहरणे पुरेशी आहेत. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पणजी परिसरात मलेरियाने डोके वर काढले. बांधकामांच्या जागी साठवलेले पाणी, टाक्या आणि विहिरी यांत वाढणारा डास, तसेच कामासाठी बाहेरून येणारे मजूर अशी त्यामागे साखळी होती. उपायांत डासांच्या अळ्या खाणारे मासे आणि जैविक अळीनाशक यांचा वापर झाला. गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली बांधकाम मजुरांसाठी आरोग्य कार्डाची पद्धतही आली. कीटकशास्त्र, बांधकाम उद्योग, स्थलांतर आणि कायदा यांची अशी सांगड घालणे हा पर्यावरणीय आरोग्याचा गाभा आहे.

दुसरा धडा रेबीजचा. 2014 पासून राज्यात ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या साथीने भटक्या व पाळीव कुत्र्यांचे व्यापक लसीकरण सुरू झाले. सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचे शास्त्र. पथकांनी मोबाइल अॅपवर प्रत्येक लसीची जागा नोंदवली, शाळांत मुलांना कुत्रा चावल्यास काय करावे हे शिकवले गेले आणि संशयित प्राण्यांवर पाळत ठेवली गेली. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. माणसांचा जीव वाचवणाऱ्या या कामाचा मोठा भाग इस्पितळाबाहेर, रस्त्यावर आणि शाळेच्या वर्गात झाला.

तिसरा धडा मनाच्या आजारांचा. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना मदत केली. त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर अभ्यासले गेले. तज्ज्ञ कमी असताना सेवा कशी उभारावी, हा प्रश्न आरोग्य व्यवस्थापनाचा आहे.

लोकांचा विश्वास नसेल तर उत्तम उपायही कसा फसतो, हे समजण्यासाठी 1897 चे पुणे आठवावे. प्लेग रोखण्यासाठी सैनिकांकरवी झालेल्या घरझडत्यांनी शहर संतापले आणि त्याची परिणती प्लेग अधिकारी रँड यांच्या हत्येत झाली. समाजशास्त्र आणि नीतिशास्त्र अभ्यासक्रमात का असतात, याचे उत्तर या घटनेत आहे.

पदवी नवी, शास्त्र जुने

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने 1916 मध्ये सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र शाळा काढली. भारतात 1932 मध्ये कोलकात्यात अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था सुरू झाली. तरीही दीर्घकाळ हा विषय प्रामुख्याने पदव्युत्तर स्तरावर, त्यातही बहुधा डॉक्टरांनाच शिकवला गेला. प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला या विषयाची ओळख करून घेण्याची संधी मिळावी, अशी शिफारस अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने 2003 मध्ये केली आणि त्यानंतर तेथे पदवी स्तरावर हा विषय झपाट्याने पसरला. भारतात मात्र पदवीला हा मुख्य विषय देणाऱ्या संस्था अजून मोजक्याच आहेत.

नोकरीचे वास्तव

गोंधळ होतो तो येथे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा आरोग्य अधिकारी होण्यासाठी एमबीबीएस लागते. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी 2011 च्या केंद्रीय नियमांत अन्नतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र अशा ठरावीक पदव्या नमूद केल्या गेल्या. नुसत्या सार्वजनिक आरोग्याच्या पदवीवर त्यात विसंबता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2017 मध्ये राज्यांना सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र सेवावर्ग उभारण्याची शिफारस केली आणि 2022 मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. पण सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने पदे निर्माण करणे राज्यांच्या हाती आहे.

आज संधी आहेत त्या मुख्यतः रोगसर्वेक्षण प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, संशोधनातील क्षेत्रकाम, माहितीचे विश्लेषण, इस्पितळांचा गुणवत्ता विभाग आणि आरोग्यविमा या क्षेत्रांत. त्यांतील बरीच पदे कंत्राटी असतात आणि वरच्या पदांसाठी एमपीएच ही पदव्युत्तर पदवी मागितली जाते. त्यामुळे पदवीची तीन वा चार वर्षे आणि पुढची दोन असा एकत्र हिशेब घरात आधीच मांडायला हवा.

दुसरी वाटही आहे. सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, संख्याशास्त्र, भूगोल किंवा समाजशास्त्र यांत गोव्यातच पदवी घेऊन नंतर एमपीएचकडे वळता येते. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था यांनी हे शिक्षण दिले आहे. प्रवेशाचे निकष मात्र सारखे नाहीत. काही अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुले असतात, तर काहींना वैद्यकीय किंवा पदव्युत्तर पदवी लागते. पदवीचा विषय निवडण्यापूर्वीच हे निकष वाचलेले बरे.

शुल्क भरण्यापूर्वी

प्रवेशाआधी संस्थेला चार प्रश्न विचारावेत. विद्यापीठाला आणि अभ्यासक्रमाला आवश्यक मान्यता आहे का? संख्याशास्त्र व संगणकीय विश्लेषण किती सत्रे शिकवले जाते? क्षेत्रकाम किती आठवड्यांचे आणि कोणत्या आरोग्य केंद्रात? मागील तुकडीचे विद्यार्थी आज कुठे काम करतात किंवा शिकतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकातील छायाचित्रांवरून ठरवू नये; माजी विद्यार्थ्यांशी थेट बोलावे.

‘नीट’ हुकली म्हणून सांत्वन म्हणून ही पदवी घेणाऱ्याला ती बहुधा अपुरी वाटेल. शेजारच्या वाड्यावर एकाच आठवड्यात पाच जण तापाने का आजारी पडले, हा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही, आकडे आणि माणसे दोन्ही ज्याला नकोशी वाटत नाहीत, अशा विद्यार्थ्याने तिचा विचार जरूर करावा.