मृदू चुंबकाचा प्रतिसाद

जे मिश्रधातू बाह्य चुंबकीय क्षेत्रात सहज चुंबकित होतात आणि क्षेत्र सरताच चुंबकत्व जवळजवळ सोडून देतात, त्यांना मृदू चुंबकीय म्हणतात; त्यांचा प्रतिसाद मोजण्यासाठी कड्यासारख्या गाभ्यावर दोन वेटोळी गुंडाळून एकात प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात व दुसऱ्यात उपजणारा विद्युतदाब नोंदवतात. त्यातून मिळणाऱ्या बंद वक्राचे क्षेत्रफळ प्रत्येक आवर्तनात वाया जाणारी ऊर्जा दाखवते. मृदू गाभ्याच्या याच प्रतिसादाचा उपयोग करणारा फ्लक्सगेट चुंबकमापी २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेल्या आदित्य-एल१ या अवकाशयानावर आहे. अशा मापकात बाह्य क्षेत्रामुळे मृदू गाभ्याचा प्रतिसाद असममित होतो आणि त्यावरूनच अवकाशातील क्षीण क्षेत्र मोजले जाते. गाभ्याची पारख अचूक असेल, तरच मापन विश्वासार्ह ठरते.